एमबीएला ‘सिस्टिम्स’ शिकताय? सुरुवात कुठून करायची

एमबीए किंवा एमएमएसच्या पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात ‘मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स’ दिसलं की वर्गात दोन तट पडतात. इंजिनिअरिंग करून आलेल्यांना वाटतं, हे तर आपल्याला येतंच. बीकॉम, बीए किंवा बीएस्सी अ‍ॅग्री करून आलेल्यांना वाटतं, हे आपल्या आवाक्यातलं नाही. दोघांचाही अंदाज चुकतो. या विषयात प्रोग्रॅम लिहायची वेळ क्वचितच येते. एखादा निर्णय कोण घेतं, त्यासाठी कुठली माहिती लागते, ती माहिती मुळात कोण, कधी आणि कुठे नोंदवतं, आणि ती चुकली तर भुर्दंड कोणाला बसतो, हे शोधून काढायचं असतं. आयुष्यात कधी कोड न लिहिलेली मुलं या विषयात चमकताना मी पाहिली आहेत, कारण त्यांना दुकान, शेत, सोसायटी, गोदाम आतून माहीत होतं.

पुढे जे लिहिलंय ते नव्याने प्रवेश घेतलेल्यांसाठी आहे. क्रम मी मुद्दाम ठरवलाय, तो शक्यतो मोडू नका.

आधी हा विषय कुठे बसतो ते पाहा

आपल्याकडच्या दोन वर्षांच्या, चार सत्रांच्या अभ्यासक्रमात हा विषय साधारणपणे दोनदा भेटतो. पहिल्या वर्षी सगळ्यांना सक्तीचा, आणि दुसऱ्या वर्षी स्पेशलायझेशन म्हणून. मुंबई विद्यापीठाच्या एमएमएसमध्ये मार्केटिंग, फायनान्स, एचआर, ऑपरेशन्सच्या जोडीला ‘सिस्टिम्स’ची वाट आहे. पुण्यात हिंजवडीला सिम्बायोसिसची एक संस्था तर आयटी व्यवस्थापनाचंच एमबीए चालवते. तुमच्या कॉलेजात नाव ‘सिस्टिम्स’ असेल, ‘आयटी मॅनेजमेंट’ असेल किंवा ‘बिझनेस अ‍ॅनालिटिक्स’ असेल. नावावर जाऊ नका, दुसऱ्या वर्षाचे पेपर काढून बघा. नुसतं डेटा आणि मॉडेल असेल तर ते अ‍ॅनालिटिक्स. ईआरपी (कंपनीच्या सगळ्या विभागांचा कारभार एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर), प्रोजेक्ट मॅनेजमेंट, आयटी गव्हर्नन्स, सुरक्षितता असेल तर ते सिस्टिम्स.

एमसीएशी गल्लत करू नका. एमसीए झालेला माणूस सॉफ्टवेअर बांधतो. तुमच्याकडून अपेक्षा असते ती वेगळी: काय बांधायचं, कशासाठी, किती खर्चात, विकत घ्यायचं की घडवून घ्यायचं, आणि माणसं ते वापरतील याची व्यवस्था काय, हे ठरवण्याची.

पहिले पंधरा दिवस: चार पातळ्या पक्क्या करा

प्रत्येक पाठ्यपुस्तकात एक त्रिकोण असतो. तळाला व्यवहारांची नोंद करणारी यंत्रणा म्हणजे टीपीएस, वर व्यवस्थापकाचे अहवाल म्हणजे एमआयएस, त्यावर निर्णयाला मदत करणारी डीएसएस आणि टोकाला वरिष्ठांसाठीची ईएसएस. मुलं तो पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्यापेक्षा एसटीच्या आगारात बसून तो समजून घ्या.

वाहकाच्या हातातलं तिकीट यंत्र ही टीपीएस. एक तिकीट, एक नोंद. कुठून कुठे, किती पैसे, पूर्ण की अर्धं की सवलतीचं. रात्री यंत्र आगारात जमा होतं, आकडे उतरवले जातात आणि आगार व्यवस्थापकासमोर फेरीनिहाय उत्पन्न आणि भारमान, म्हणजे गाडी किती भरली ते, येतं. ही एमआयएस. आता आषाढी आली. पंढरपूरला जादा गाड्या सोडायच्या आहेत, पण त्या कुठल्या नेहमीच्या फेऱ्या तोडून? गेल्या काही वर्षांचे आकडे, पालखीच्या तारखा, उपलब्ध चालक मांडून ‘असं केलं तर काय, तसं केलं तर काय’ हे ताडून पाहणं म्हणजे डीएसएसचं काम. आणि मुंबईतल्या मुख्यालयात बसून नव्या गाड्या विकत घ्यायच्या की भाड्याने, याचा विचार करणाऱ्याला तिकिटाचा तपशील नको असतो. त्याला सगळ्या राज्याचा कल हवा असतो.

माहिती जसजशी वर जाते तसतशी ती आक्रसते. त्यामुळे तळाशी वाहकाने सवलतीचं बटण चुकीचं दाबलं, तर ती चूक वर दिसत नाही, पण वरच्या प्रत्येक आकड्यात ती असते. ही एक गोष्ट पहिल्या पंधरवड्यात डोक्यात बसली तर पुढचं सोपं जातं.

एक चिठ्ठी पकडा आणि तिच्या मागे जा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुस्तक बाजूला ठेवून एखादा खरा व्यवहार निवडा आणि त्याची नोंद जन्मल्यापासून शेवटपर्यंत कुठे कुठे जाते ते पायी पायी शोधा. मी विद्यार्थ्यांना नेहमी साखर कारखाना सुचवतो. पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात कोणाचे ना कोणाचे नातेवाईक सभासद असतातच, त्यामुळे दार उघडतं.

सुरुवात कारखान्याच्या वजनकाट्यावर होत नाही, ती वर्षभर आधी होते. शेतकरी ऊस लावतो. कारखान्याच्या शेतकी विभागाचा माणूस, गावात त्याला चिटबॉय म्हणतात, शेतावर येऊन नोंद घेतो: सभासद क्रमांक, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, म्हणजे को ८६०३२ की आणखी कुठली, लागणीचा प्रकार, म्हणजे आडसाली आहे की पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, आणि लागणीची तारीख. या नोंदींवरून कारखाना तोडणीचा कार्यक्रम लावतो. पाळी आली की टोळी येते, ऊस तुटतो, ट्रॅक्टर किंवा बैलगाडी भरते आणि चिठ्ठी घेऊन काट्यावर येते. भरलेल्या गाडीचं वजन होतं. गव्हाणीत ऊस रिकामा झाला की रिकाम्या गाडीचं वजन होतं. दोन्हींतला फरक म्हणजे शेतकऱ्याचं टनेज. तिथून ते हिशोब विभागात, दर लागतो, सोसायटीचं कर्ज आणि इतर कपाती वजा होतात, आणि उरलेली रक्कम बँकेत जाते. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे हे पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात.

आता प्रत्येक थांब्यावर हेच प्रश्न विचारा. इथे नोंद कोण करतं? कशावर, वहीत, मोबाइलवर की संगणकावर? घटना घडल्यावर किती वेळाने? ही नोंद कोण वाचतं आणि वाचून काय ठरवतं? चुकली तर कोणाला कळेल आणि कधी?

लागणीच्या तारखेचंच घ्या. समजा चिटबॉयने खरी तारीख सोडून महिनाभर पुढची टाकली. शेताकडे यायला उशीर झाला आणि त्याने त्या दिवशीचीच तारीख लिहिली, एवढं साधं कारण. कारखान्याच्या संगणकात ही नोंद अगदी स्वच्छ दिसेल. रकाना भरलेला आहे, तारीख वैध आहे, अहवालात कुठेही लाल खूण नाही. पण त्या शेतकऱ्याची पाळी मागे जाईल, उसाला तुरा येईल, वजन घटेल. उलट्या बाजूने, ओळखीच्या माणसाची तारीख खऱ्यापेक्षा आधीची टाकली तर त्याला पाळी लवकर मिळेल. म्हणजे त्या एका रकान्यात पैसा आहे. जिथे रकान्यात पैसा असतो तिथे नियंत्रण लागतं: शेतावरच जागेच्या अक्षांश-रेखांशासह फोटो, शेतकऱ्याला लगेच एसएमएस, हरकत घ्यायला ठरावीक मुदत, आणि नंतर तारीख बदलायची झाल्यास दुसऱ्याची मंजुरी. वर्गात ‘इनपुट कंट्रोल’ नावाचं प्रकरण शिकवतात ते हेच.

नोंद करणारा माणूस बदलला की सगळी व्यवस्था बदलते, हे पाहायचं असेल तर ई-पीक पाहणी बघा. पूर्वी सातबाऱ्यावरचा पीकपेरा तलाठी लिहायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी स्वतः मोबाइलवर पिकाचा फोटो घालून नोंद करू लागले. नोंद उगमापाशी आली, ज्याचं पीक त्याच्याच हातात आली. पण स्मार्टफोन कोणाकडे, रेंज कुठे, म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या वतीने कोण भरतं, हे नवे प्रश्नही आले. असे बदल समोर दिसत असताना परदेशी केसच्या मागे लागायची घाई नको.

कारखाना जवळ नसेल तर बाजार समितीतली हिशोबपट्टी घ्या, सरकारी दवाखान्यातला केसपेपर घ्या, औषधाच्या दुकानातली मुदत संपलेली स्ट्रिप कंपनीकडे परत कशी जाते ते घ्या. कोणतंही चालेल, फक्त शेवटपर्यंत जा. अर्ध्यात सोडलेला माग काही शिकवत नाही.

आता हात चालवा

माग काढून झाला की तो कागदावर उतरवा. आधी प्रक्रियेचं चित्र, ज्यात प्रत्येक विभागाला एक आडवा पट्टा आणि काम एका पट्ट्यातून दुसऱ्यात कसं जातं ते बाणांनी. बाण जिथे पट्टा ओलांडतो तिथेच बहुतेक घोळ होतात, म्हणून ती जागा लाल पेनाने गोल करा.

मग टेबलं. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवायची कल्पना मांडली, आणि आजही बँक असो की रेल्वे, बराचसा व्यवहार त्याच कल्पनेवर चालतो. आपल्या उसासाठी दोन तक्ते पुरे. एक ‘सभासद’: सभासद क्रमांक, नाव, गाव, बँक खातं. दुसरा ‘खेप’: खेप क्रमांक, सभासद क्रमांक, तारीख, भरलेलं वजन, रिकामं वजन. खेपेच्या तक्त्यात नाव पुन्हा लिहायचं नाही, फक्त क्रमांक. नाव प्रत्येक खेपेला लिहिलं तर एकदा आडनाव आधी येईल, एकदा नाव आधी, एकदा नुसती आद्याक्षरं, आणि एकाच माणसाचे तीन सभासद होतील. नॉर्मलायझेशनचे, म्हणजे एकच माहिती दोनदा न लिहिता तक्ते मांडायचे, नियम याच रोजच्या त्रासातून आलेत.

एक्सेलमध्ये तीस-चाळीस काल्पनिक खेपा भरा. पिव्होट टेबलने गावनिहाय टनेज काढा. एक्सलुकअपने सभासदाचं नाव ओढून आणा. मग हेच एसक्यूएलमध्ये, म्हणजे तक्त्यांना प्रश्न विचारायच्या भाषेत, करा. एसक्यूलाइट फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. सिलेक्ट, व्हेअर, जॉइन, ग्रुप बाय, एवढ्या चार गोष्टींवर पहिलं वर्ष निघतं.

आणि हा प्रयोग नक्की करा. एका खेपेचं रिकाम्या गाडीचं वजन मुद्दाम कोरं ठेवा. एक्सेलमध्ये ‘भरलेलं वजा रिकामं’ हे सूत्र कोऱ्या जागेला शून्य समजतं, त्यामुळे अख्खी ट्रॅक्टर-ट्रॉली ऊस म्हणून मोजली जाईल. एसक्यूएलमध्ये कोरी जागा म्हणजे ‘माहीत नाही’, आणि माहीत नसलेल्यातून वजाबाकी केली तर उत्तरही ‘माहीत नाही’. बेरीज करताना अशी ओळ गुपचूप वगळली जाते, म्हणजे ती खेप आलीच नाही असा हिशोब होईल. एकाच कोऱ्या जागेमुळे एकीकडे टनेज फुगतं, दुसरीकडे घटतं, आणि दोन्हीकडे पडद्यावर चुकीची सूचना येत नाही. ज्याने हे एकदा स्वतः पाहिलं त्याला अहवाल हातात आल्यावर ‘यात काय सुटलंय?’ असं विचारायची सवय लागते. व्यवस्थापकाला लागणाऱ्या सवयींमध्ये ही मी फार वरची मानतो.

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकावी का, हा प्रश्न दर वर्षी येतो. दुसऱ्या वर्षी शिका. पहिल्या वर्षी एसक्यूएल आणि एक्सेल घट्ट नसताना पायथनच्या मागे धावलेल्यांचं दोन्ही कच्चं राहतं.

ईआरपी: पीओ, जीआरएन आणि बिल

ईआरपीवर शेकडो स्लाइड्स मिळतात. त्यातलं मर्म एका खरेदीत दिसतं. चाकणच्या एखाद्या कारखान्याने १०० बेअरिंगची ऑर्डर दिली, नग ५० रुपयांना. हा पीओ, म्हणजे खरेदीचा आदेश. गाडी गेटवर आली, नोंद झाली, स्टोअरमध्ये मोजले तर ९६च निघाले. स्टोअरवाल्याने जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, ९६ची केली. पुरवठादाराचं बिल मात्र १००चं, म्हणजे ५,००० रुपयांचं. कागदी व्यवस्थेत अकाउंट्सला स्टोअरची वही दिसत नाही, ५,००० जातात आणि महिन्यांनी स्टॉक मोजताना घोळ कळतो. ईआरपीत तिन्ही कागद एकमेकांशी ताडले जातात, बिल अडतं, आणि ४,८०० देऊन उरलेल्या २०० रुपयांची डेबिट नोट, म्हणजे बिलातून वजावटीची चिठ्ठी, निघते.

यात जादू काही नाही. गंमत पुढच्या प्रश्नात आहे: अडलेलं बिल सोडवायचा अधिकार कोणाला? तो जर पीओ काढणाऱ्यालाच दिला तर सगळी तपासणी फुकट. अधिकारांची विभागणी हा ईआरपीचा कणा आहे आणि परीक्षेत, मुलाखतीत यावर बोलणारा विद्यार्थी लगेच वेगळा दिसतो.

ईआरपी बनवणाऱ्या सॅपचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी १९७२ साली जर्मनीत ही कंपनी सुरू केली. मोठ्या उद्योगांत ते दिसेल, पण आपल्या एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांत अजून टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं राज्य आहे आणि तेही समजून घ्यायला हवं. सरावासाठी मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट बघा. ते मुक्त स्रोत आहे. उतरवून बसवायला थोडी खटपट पडते, वर्गातल्या इंजिनिअर मित्राला हाताशी घ्या. वर सांगितलेली बेअरिंगची खरेदी त्यात स्वतः करून पाहा, ९६ची जीआरएन टाका आणि १००चं बिल टाकल्यावर काय होतं ते बघा.

पैशाचं गणित स्वतः मांडा

सिस्टिम्सवाल्यांची सगळ्यात कच्ची बाजू म्हणजे फायनान्स, आणि नेमकं तिथेच वरिष्ठ पहिला प्रश्न विचारतात. एक काल्पनिक उदाहरण सोडवू. मध्यम आकाराच्या कारखान्याला ईआरपी घ्यायचंय. परवाने १२ लाख, बसवून देण्याचा खर्च १८ लाख, जुना डेटा साफ करणं आणि प्रशिक्षण ६ लाख, सर्व्हर-नेटवर्क ४ लाख. एकूण ४० लाख. दर वर्षीची देखभाल ५ लाख.

फायदा: साठा ३ कोटींवरून २ कोटी ४० लाखांवर येईल, आणि उशिराच्या पुरवठ्याचा दंड, ओव्हरटाइम यात वर्षाला ६ लाख वाचतील. बहुतेक विद्यार्थी इथे लिहितात, ‘पहिल्याच वर्षी ६६ लाख वाचले, पैसे वसूल’. हे चूक आहे. ६० लाखांचा साठा कमी झाला म्हणजे तेवढं खेळतं भांडवल एकदा मोकळं झालं, तो नफा नव्हे. नफा आहे तो त्यावरच्या वाचलेल्या व्याजाचा. १२ टक्के धरले तर वर्षाला ७ लाख २० हजार. त्यात ६ लाख मिळवले, देखभालीचे ५ लाख वजा केले, उरले ८ लाख २० हजार. ४० लाख वसूल व्हायला जवळपास पाच वर्षं. प्रकल्प तरीही करण्यासारखा असू शकतो, पण आता बोलणी खऱ्या आकड्यांवर होतील.

आणि या यादीतला ‘डेटा साफ करणं आणि प्रशिक्षण’ हा आकडा बजेट कापताना सगळ्यात आधी छाटला जातो. तुम्ही पुढे कधी त्या बैठकीत असाल तर तो छाटू देऊ नका.

केस कशी वाचायची

केसमध्ये ‘सॉफ्टवेअर खराब होतं’ हे उत्तर लिहून मोकळे होऊ नका. १९९९मध्ये अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने ११ कोटी २० लाख डॉलरचा प्रकल्प करून नवी यंत्रणा आणली. ती सुरू झाली जुलैत, म्हणजे चॉकलेट वाटायच्या हॅलोविन सणाच्या ऑर्डरी यायच्या ऐन वेळी. माल होता, पण वेळेत पाठवता आला नाही आणि सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी हुकल्या. प्रश्न असा लिहा: ही तारीख कोणी मान्य केली, आणि पुढे ढकलायचा अधिकार कोणाकडे होता? आपल्याकडे कोणी दिवाळीच्या तोंडावर मिठाईच्या साखळीची यंत्रणा बदलेल का?

टार्गेट ही अमेरिकी दुकानसाखळी २०१३ मध्ये कॅनडात उतरली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिने तिथली सगळी १३३ दुकानं बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारणं अनेक, पण त्यातलं एक आपल्या विषयाचं आहे. घाईने भरलेल्या मालाच्या नोंदींत लांबी-रुंदीची अदलाबदल होती, इंच आणि सेंटिमीटरची सरमिसळ होती. गोदामं भरलेली आणि दुकानातल्या फळ्या रिकाम्या, अशी अवस्था आली.

मला स्वतःला जास्त महत्त्वाची वाटते ती वारणेची केस. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांत संगणक केंद्रं उभारली गेली. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण, रोजगार असं बरंच काही त्यातून द्यायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात केंद्रांचा मुख्य वापर झाला तो कारखान्याच्या कामासाठी: टनेज किती झालं, खत किती उचललं, तोडणीचं काय. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी तिथल्या काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला, आणि तेच काम कमी खर्चात झालं. हा प्रकल्प फसला की यशस्वी झाला? वर्गात यावर भांडा. माझं मत असं की लोकांनी त्यातलं स्वतःला उपयोगी होतं तेवढं नेमकं उचललं, आणि आखणी करणाऱ्यांनी आधी शेतकऱ्यांना विचारलं असतं तर सुरुवातच वेगळी झाली असती.

सुरक्षितता आणि कायदा ऐच्छिक समजू नका

पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवर ११ ते १३ ऑगस्ट २०१८ या काळात झालेला सायबर हल्ला प्रत्येक सिस्टिम्सच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ हवा. सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएम कार्डाने पैसे काढताना यंत्राची विनंती एका स्विचमार्फत बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जाते, तिथे खात्यातली शिल्लक तपासली जाते आणि होकार परत येतो. हल्लेखोरांनी मध्ये बनावट स्विच उभा केला. होकार तोच देत होता, विनंती मुख्य यंत्रणेपर्यंत पोचतच नव्हती. क्लोन केलेल्या कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले, आणि सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेमार्गे जवळपास १४ कोटी हाँगकाँगला वळवले गेले.

ही केस कागदावर काढा: विनंती कुठून निघते, कुठे तपासली जाते, मधल्या टप्प्यावर कोण विश्वास ठेवतंय. मग विचारा, शनिवारी-रविवारी एवढे व्यवहार परदेशातून होत असताना कोणाच्या पडद्यावर ते दिसायला हवे होते?

कायद्यात दोन नावं पक्की हवीत: माहिती तंत्रज्ञान कायदा २००० आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३. दुसऱ्यातून एवढं तरी समजून घ्या की ग्राहकाची माहिती ज्या कामासाठी संमतीने घेतली त्याच कामासाठी वापरायची, आणि संमती काढून घ्यायचा हक्क त्याला असतो. मार्केटिंगवाले मित्र मोबाइल नंबरांच्या याद्या फिरवतात तेव्हा त्यांना हे सांगायची जबाबदारी तुमची.

परीक्षा, प्रोजेक्ट, इंटर्नशिप

उत्तर लिहिताना व्याख्या दोन ओळींत संपवा आणि लगेच एखादा खरा व्यवहार घ्या. आकृती काढली तर तिच्यावर नावं तुमच्या उदाहरणातली टाका, ‘इनपुट-प्रोसेस-आउटपुट’ असे तीन चौकोन तपासणाऱ्याने हजारदा पाहिलेले असतात.

गटाच्या प्रोजेक्टसाठी अ‍ॅप बनवायचा मोह आवरा. एखाद्या दुकानाची, दवाखान्याची, पतसंस्थेची आजची प्रक्रिया नीट मांडणं, त्यातली अडलेली जागा दाखवणं आणि कमी खर्चातला बदल सुचवणं, याला जास्त किंमत आहे. कधीकधी उपाय म्हणजे छापील फॉर्ममधला एक रकाना बदलणं एवढाच असतो. तोही पूर्ण गुण मिळवण्यालायक उपाय आहे.

समर इंटर्नशिप दुसऱ्या सत्रानंतर येते, साधारण दोन महिन्यांची. कंपनी निवडता येत असेल तर नाव मोठं की लहान यापेक्षा आत काय चाललंय ते विचारा. नवी यंत्रणा बसवणं चालू असलेली भोसरीतली लहान कंपनी, नुसते एक्सेल रिपोर्ट काढायला बसवणाऱ्या मोठ्या कंपनीपेक्षा कितीतरी जास्त शिकवते. तिथे गेल्यावर पहिला आठवडा वरच्या मजल्यावर बसू नका. स्टोअरमध्ये, डिस्पॅचला, गेटवर उभे राहा. तिथल्या काकांना ‘सिस्टिममध्ये टाकता येत नाही म्हणून तुम्ही कुठल्या वहीत लिहिता?’ असं विचारा. अशी वही जवळपास प्रत्येक ठिकाणी असते, आणि यंत्रणेत काय कमी आहे त्याची यादी तिच्यात तयार मिळते.

नोकऱ्या कुठल्या नावाने येतात ते माहीत असू द्या: बिझनेस अ‍ॅनालिस्ट, ईआरपी फंक्शनल कन्सल्टंट, प्री-सेल्स, प्रॉडक्ट मॅनेजमेंट, आयटी ऑडिट. ऑडिटकडे जायचं असेल तर पुढे सिसा (CISA) हे माहिती यंत्रणांच्या ऑडिटचं प्रमाणपत्र आहे. परीक्षा आधी देता येते, पण प्रमाणपत्रासाठी पाच वर्षांचा अनुभव लागतो, ज्यात शिक्षणापोटी काही सूट मिळते. त्यामुळे पहिल्या वर्षीच कोणी ‘सिसा करून देतो’ म्हणून मोठी फी मागत असेल तर सावध राहा. सॅपच्या महागड्या क्लासबाबतही तेच. कुठला मॉड्यूल, म्हणजे सॅपचा कुठल्या विभागासाठीचा भाग, आणि का, हे इंटर्नशिपनंतर ठरवा. बीकॉमवाल्याला फायनान्सचा मॉड्यूल, मेकॅनिकलवाल्याला उत्पादन किंवा मालाचा, असा आपल्या आधीच्या शिक्षणाला धरून घेतला तर मुलाखतीत बोलायला विषय असतो. तोवर स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचांवर डेटाबेस, ईआरपी, सुरक्षितता यांचे कोर्स फुकट ऐकता येतात, पैसे फक्त परीक्षेला बसायचे. सत्र सुरू होण्याआधी त्यातला डेटाबेसचा एखादा निवडा आणि त्यातली उदाहरणं तुमच्या उसाच्या दोन तक्त्यांवर करून पाहा.